आरोपीचे हक्क: १९१० चं नाशिक आणि आजचं रिमांड कोर्ट

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: इंग्रजांच्या वेळेपासून आजपर्यंत आपली फौजदारी न्यायव्यवस्था खरंच न्याय्य झाली, की नुसते कलमांचे आकडे बदलले? आणि झाली असेल, तर उद्या घरातला पोरगा पोलिसांनी उचलला तर सातपूरच्या कामगाराला किंवा पेठच्या शेतकऱ्याला त्याचा काय उपयोग?

न्याय्य झाली, आणि बरीच झाली. पण सुधारणा मुख्यतः दोन गोष्टींत आहे. पकडणारा आणि निवाडा करणारा हे वेगळे झाले, ही पहिली. पोलिसांनी काय केलं ते लिहून तिसऱ्या माणसाला दाखवणं त्यांना भाग पडलं, ही दुसरी. बाकीचे बहुतेक हक्क या दोहोंतूनच निघाले आहेत. मेख एवढीच, की यातले बरेच हक्क ठरावीक दिवशी, ठरावीक टेबलावर मागावे लागतात. तो दिवस हुकला की निकाल कितीही मोठा असो, हातात काही राहत नाही.

आधी जुना काळ. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनचा वध झाला आणि १९ एप्रिल १९१० ला कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. चार महिन्यांच्या आत सगळं आटोपलं. नाशिक कटाचा खटलाही तीन न्यायमूर्तींच्या खास पीठापुढे चालला. १९०८ च्या खास कायद्याने तशी सोय करून ठेवली होती: ज्युरी नाही आणि निकालावर अपील नाही. हा अपवाद म्हणून सोडला, तरी सर्वसाधारण कायदाही समान नव्हता. युरोपियन ब्रिटिश आरोपीला आपल्या वंशाची ज्युरी मागता येई. १९२३ मध्ये हा भेद बराचसा कमी झाला, पण तो पूर्ण पुसला गेला १९४९ च्या कायद्याने. तालुक्याला मामलेदार वसुलीही करी आणि मॅजिस्ट्रेट म्हणून खटलेही चालवी. मुंबई राज्याने १९५१ मध्ये कायदा करून न्यायदान महसूल खात्यापासून वेगळं काढलं. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ती रचना देशभर नेली आणि न्यायदंडाधिकारी उच्च न्यायालयाच्या हाताखाली आले. अटकेतला माणूस २४ तासांत ज्याच्यापुढे उभा केला जातो तो पोलिसांचा वरिष्ठ नाही, कलेक्टरचा दुय्यमही नाही, ही गोष्ट आज इतकी अंगवळणी पडली आहे की तिचं मोल कळत नाही.

एक कोपरा मात्र जुनाच राहिला आहे, तो म्हणजे चॅप्टर केस. आयुक्तालय असलेल्या शहरात, म्हणजे नाशिकमध्येही, चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र घेण्याचे कार्यकारी दंडाधिकाऱ्याचे अधिकार पोलीस अधिकाऱ्याकडेच असतात. अहवाल पोलीस ठाण्याचा आणि सुनावणी सहायक आयुक्तांपुढे. ग्रामीण भागात तेच काम तहसीलदार करतो. लोक याला किरकोळ समजतात, तारखेला जाऊन सही करून येतात, आणि पुढे तडीपारीच्या प्रस्तावात हीच चॅप्टर केस आधार म्हणून जोडलेली दिसते. म्हणून नोटीस आली की पहिल्यांदा लेखी आदेश मागा. त्यात माहितीचा सारांश, बंधपत्राची रक्कम आणि मुदत असलीच पाहिजे. चौकशी सहा महिन्यांत पूर्ण झाली नाही तर कारवाई सहसा आपोआप संपते. आदेश चुकीचा वाटला तर सत्र न्यायालयात पुनरीक्षण अर्ज करता येतो.

आता शिक्षेकडे वळू. १८९८ च्या संहितेत खुनाला फाशी हाच नियम होता आणि फाशी न दिल्यास न्यायाधीशाला कारण लिहावं लागे. १९५५ मध्ये ती अट गेली. १९७३ च्या संहितेत ती नेमकी उलटली: फाशी द्यायची तर खास कारणं लिहा, आणि शिक्षेपूर्वी आरोपीचं म्हणणं स्वतंत्रपणे ऐका. १९८० मध्ये बच्चन सिंग खटल्यात ‘दुर्मिळातील दुर्मीळ’ हा निकष आला. १९८३ मध्ये जन्मठेपेच्या कैद्याने खून केल्यास फाशीच देण्याची सक्ती करणारं कलम रद्द झालं. ज्युरी तर त्याआधीच गेली होती.

हे सगळं असूनही चूक कशी होते, याचं उदाहरण नाशिक जिल्ह्यातच आहे. जून २००३ मध्ये बेलतगव्हाणजवळ एका कुटुंबावर दरोडा पडला, त्यात खून आणि बलात्कारही झाले. भटक्या जमातीतल्या सहा जणांना पकडलं. २००६ मध्ये नाशिकच्या न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली आणि तिघांची जन्मठेपेत बदलली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी ठोठावली. त्यांतला एक घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हे त्यानंतर सिद्ध झालं. २०१८ मध्ये पुनर्विचार मान्य झाला आणि ५ मार्च २०१९ ला सहाही जण निर्दोष सुटले. तोवर जवळजवळ सोळा वर्षं गेली होती. वाचलेल्या जखमी साक्षीदाराने घटनेनंतर दोनच दिवसांत पोलिसांच्या फोटो अल्बममधून चार वेगळीच माणसं ओळखली होती. त्या चौघांवर कारवाई झाली नाही आणि ही बाब फिर्यादी पक्षाने खटल्यात दाबून ठेवली. न्यायालयाने प्रत्येकाला ५ लाख रुपये भरपाई द्यायला लावली आणि तपास अधिकाऱ्यांवर कारवाईचे निर्देश दिले.

१९१० मध्ये अपीलच नव्हतं. इथे तीन पायऱ्या होत्या, तिन्ही चुकल्या आणि शेवटी पुनर्विचारात दुरुस्ती झाली. फाशीच्या प्रकरणात पुनर्विचार अर्ज तीन न्यायमूर्तींनी खुल्या न्यायालयात ऐकला पाहिजे, हा नियमदेखील २०१४ चा आहे. त्याआधी असे अर्ज न्यायमूर्तींच्या दालनातच निकालात निघत. आरोपी भटक्या जमातीचे होते हा योगायोग मानायला मी तयार नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मापासून गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना ३१ ऑगस्ट १९५२ ला मुक्ती मिळाली, पण ठाण्यातल्या नजरेतून तो शिक्का अजून गेलेला नाही. तुरुंगाच्या नियमावल्यांतली जातीनुसार कामाची वाटणी आणि ‘सराईत गुन्हेगार’ या नावाखाली विमुक्तांना वेगळं काढणं सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवलं ते थेट ऑक्टोबर २०२४ मध्ये.

आता व्यवहाराकडे. पोरगा उचलला तर काय?

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे, म्हणून कलमं तिचीच सांगतो. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक ही पहिली पायरी नाही. आधी कलम ३५(३) ची नोटीस द्यायची, आणि अटक करायचीच असेल तर का, ते लिहायचं. २०१४ च्या अर्नेश कुमार निकालाने हे सक्तीचं केलं. नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये पोलिसांना बजावलं. तरी अशी नोटीस आली तर गप्प बसू नका. वकिलामार्फत लेखी उत्तर द्या आणि ठाण्याचा आवक शिक्का घ्या. हजर न राहणं हेच पुढे अटकेचं कारण म्हणून लिहिलं जातं. गुन्हा तीन वर्षांहून कमी शिक्षेचा असेल आणि माणूस साठीच्या पुढचा किंवा अशक्त असेल, तर उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय अटक होत नाही.

अटक झालीच तर अटक पंचनामा कलम ३६ प्रमाणे हवा. त्यावर नातेवाईक किंवा परिसरातला प्रतिष्ठित माणूस अशा किमान एका साक्षीदाराची आणि खुद्द अटक झालेल्याची सही लागते. कोऱ्या जागा असलेल्या कागदावर सही करू नका, हे सगळे सांगतात आणि ते बरोबरच आहे. पण खरी गोम वेळेच्या रकान्यात असते. माणूस सोमवारी सकाळी कारखान्याच्या गेटवरून नेलेला असतो आणि पंचनाम्यात अटक मंगळवारी संध्याकाळी दाखवलेली असते. मधला दीड दिवस म्हणे ‘चौकशीला बोलावलं होतं’. २४ तासांचं घड्याळ मात्र पंचनाम्यातल्या वेळेपासून फिरवलं जातं. यावर एकच उपाय: वेळ पकडून ठेवणारा पुरावा त्याच दिवशी गोळा करणे. कंपनीच्या गेटचं रजिस्टर, दुकानाचा कॅमेरा, ११२ ला केलेला फोन, आयुक्तालयाच्या ईमेलवर टाकलेल्या दोन ओळी. ठाण्यातल्या सीसीटीव्हीसाठी वेगळा अर्ज द्या. परमवीर सिंग सैनी निकालानुसार (२०२०) प्रत्येक ठाण्यात आवाजासह कॅमेरे आणि शक्यतो १८ महिन्यांची, कमीत कमी वर्षाची साठवण हवी. ‘फुटेज द्या’ एवढंच लिहिलं तर अर्ज फिरत राहतो. ‘अमुक तारीख, सकाळी ९ ते रात्री ११, मुख्य दरवाजा, ठाणे अंमलदाराचं टेबल आणि लॉकअपसमोरचा कॅमेरा, हे फुटेज जतन करा’ असं लिहा आणि त्याची प्रत रिमांड कोर्टात, म्हणजे कोठडी द्यायची की नाही हे ठरवणाऱ्या कोर्टात, दाखल करा. पुढे कॅमेरा बंद होता असं उत्तर आलं, तर ते उत्तरही तुमच्या कामाचं असतं.

दुसरा कागद अटकेच्या कारणांचा. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ मध्ये हा हक्क १९५० पासून आहे. ‘तोंडी सांगितलं’ एवढ्यावर तो वर्षानुवर्षं भागवला गेला. २०२३ मध्ये मनी लाँडरिंग कायद्याखाली आणि २०२४ मध्ये यूएपीए या बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायद्याखाली लेखी कारणं सक्तीची झाली. नोव्हेंबर २०२५ मध्ये मिहिर राजेश शहा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालाने तो नियम सगळ्याच गुन्ह्यांना लावला: कारणं लेखी द्यायची, आरोपीला समजेल अशा भाषेत द्यायची, आणि अटकेच्या क्षणी शक्य नसेल तर रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी. आपल्या जिल्ह्यात भाषेचा मुद्दा मोठा आहे. अंबडच्या कारखान्यातला बिहारी मजूर, मालेगावच्या यंत्रमागावरचा उर्दू वाचणारा, सुरगाण्यातला कोकणा बोलणारा, या तिघांनाही मराठी छापील कागदावर अंगठा घेऊन वाटेला लावता येत नाही. कारणं म्हणजे नुसती कलमं किंवा ‘तपासकामी आवश्यकता’ हा ठरलेला मजकूर नव्हे. याच आरोपीने काय केल्याचा आरोप आहे, ते त्यात हवं. हा आक्षेप पहिल्या रिमांडलाच लेखी नोंदवा.

पहिल्या रिमांडला मॅजिस्ट्रेटपुढे साधारण दोनतीन मिनिटं मिळतात. त्यात आरोपीने तीन गोष्टी स्वतः बोलाव्यात: कधी नेलं, मारहाण झाली का, वकील आहे का. मारहाण झाली असेल तर जागा दाखवून सांगावी आणि ती रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, नोंदवून घ्यावी. डी. के. बसू निकालाने (१९९६) कोठडीत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी ठरवून दिली आहे. ती होते, पण जिल्हा रुग्णालयात ‘काही तक्रार?’ असं विचारताना बाजूला हवालदार उभा असतो आणि कागदावर ‘ताजी जखम नाही’ असं येतं. म्हणून डॉक्टरला सांगितलेलं कोर्टालाही सांगणं गरजेचं आहे.

वकील नसेल तर फुकट मिळतो, आणि कोठडीत असलेल्या माणसाला उत्पन्नाची अट नाही. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि औद्योगिक कामगार यांनाही नाही. या यादीत कामगार आहेत, हे सातपूर-अंबडमध्ये फार थोड्यांना माहीत असतं. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरण आहे, हेल्पलाइन १५१००. हा हक्क महाराष्ट्राच्याच एका खटल्याने पक्का झाला: १९७८ चा होसकोट निकाल. शिक्षा झालेल्या कैद्याला निकालाची प्रत फुकट आणि अपिलासाठी वकील द्यायला हवा, असं त्यात ठरलं. पहिल्या हजेरीपासून वकील द्यायचा, हे डिसेंबर १९८० मध्ये भागलपूरच्या कैद्यांचे डोळे फोडल्याच्या प्रकरणात आलं.

आता ज्या हक्काने सर्वांत जास्त लोक सुटायला हवेत आणि सुटत नाहीत, तो डिफॉल्ट जामीन. १८९८ च्या संहितेत तपासासाठी कोठडी पंधरा दिवसांचीच होती, पण पोलीस अर्धवट दोषारोपपत्र टाकून दुसऱ्या कलमाखाली तारखा वाढवत आणि माणूस महिनोन्महिने आत राही. १९७३ च्या संहितेने कमाल मर्यादा घातली. १९७८ च्या दुरुस्तीनंतर फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षांहून कमी नाही अशा शिक्षेच्या गुन्ह्यांना ९० दिवस आणि बाकीच्यांना ६० दिवस झाले. आज ते कलम १८७(३) मध्ये आहे. तेवढ्यात दोषारोपपत्र आलं नाही तर जामीन हा हक्क आहे, मग गुन्हा कितीही गंभीर असो.

गोंधळ होतो तो दिवस मोजताना. मोजणी अटकेपासून नाही, पहिल्या रिमांडपासून होते, आणि रिमांडचा दिवस धरला जातो (२०२३ चा निकाल). पहिला रिमांड १ मार्चला झाला असेल तर मार्चचे ३१ आणि एप्रिलचे २९ मिळून २९ एप्रिलला साठ भरतात. ३० एप्रिलला कोर्ट उघडताच अर्ज द्यायचा. कोर्टाला सुट्टी आली म्हणून पोलिसांची मुदत वाढत नाही. अर्ज आधी गेला आणि दोषारोपपत्र दुपारी आलं, तरी हक्क शाबूत. दोषारोपपत्र साडेअकराला आणि अर्ज बाराला, तर हक्क संपला. म्हणून अर्जावर आवक वेळ लिहून घ्या. जामीन देण्याची तयारी असल्याचं एक वाक्य त्यात असू द्या. नंतर दिलेल्या मुदतीत जामीनदार उभा केला नाही तर मिळालेला हक्क हातचा जातो.

जामीनदाराचं रडगाणं जुनंच आहे. १९७८ मध्ये मोतीराम नावाच्या गवंड्याला १०,००० रुपयांचा जामीन मागितला आणि जामीनदार परजिल्ह्यातला म्हणून नाकारला. सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही गोष्टी चुकीच्या ठरवल्या. आजही जामीनदाराकडे सातबारा किंवा घरपट्टीची पावती, आधार, रेशनकार्ड, कधी ऐपतीचा दाखला मागतात आणि बाहेरगावचा माणूस म्हटलं की कपाळाला आठी पडते. आदेश झाल्यावर सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकाने विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, महिन्याभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्टाने अट सैल करण्याचा विचार करायचा, असे निर्देश जानेवारी २०२३ मध्ये आले. तेव्हा वाट पाहू नका. अट बदलण्याचा अर्ज द्या, जामीनदाराऐवजी रोख रक्कम भरण्याची परवानगी मागा. गरीब कैद्यांसाठी केंद्राची योजनाही २०२३ पासून आहे.

देशातल्या तुरुंगांत दर चार बंद्यांमागे साधारण तीन कच्चे कैदी आहेत. त्यांच्यासाठी कलम ४७९: पूर्वी कधी शिक्षा न झालेल्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ, बाकीच्यांनी निम्मा काळ काढला की सुटका. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे यात नाहीत. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुन्या खटल्यांनाही ते लागू केलं. अर्ज करणं ही तुरुंग अधीक्षकाची जबाबदारी आहे. पण याच कलमात एक खुट्टी मारून ठेवली आहे: एकाहून अधिक खटले चालू असतील तर हा लाभ नाही. मोबाइल चोरीचे तीन किरकोळ गुन्हे असलेला पोरगा यातच अडकतो.

पीडितांच्या बाजूने झालेला बदल थोडक्यात सांगतो, कारण प्रश्न मुख्यतः आरोपीचा आहे. महाराष्ट्रातल्या मथुरा प्रकरणातला (पोलीस ठाण्यातल्या बलात्काराचा) निकाल आणि त्यावर पेटलेलं आंदोलन यांतून १९८३ मध्ये कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात संमती होती हे सिद्ध करण्याचं ओझं आरोपीवर आलं. २००९ पासून पीडितालाही निर्दोषत्वाविरुद्ध अपील करता येतं. आता तपासाची प्रगती ९० दिवसांत कळवणं बंधनकारक आहे.

आलेख सतत वर चढत नाही, हेही सांगायला हवं. १९८० मध्ये न्यायालयाने बेड्यांवर जवळपास बंदी घातली होती. नव्या संहितेच्या कलम ४३(३) ने काही गुन्ह्यांसाठी त्या परत आणल्या. पोलीस कोठडीचे पंधरा दिवस आता पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्यातुकड्याने घेता येतात, त्यामुळे न्यायालयीन कोठडीत गेला म्हणजे सुटला, हा दिलासा राहिलेला नाही. पोलिसांपुढचा कबुलीजबाब १८६१ पासून पुराव्यात येत नाही. मोक्का या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याने १९९९ मध्ये पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब चालवून घेतला. मालेगावच्या २००६ च्या स्फोटात सुरुवातीला मोक्काखाली पकडलेल्यांना २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने दोषमुक्त केलं, ते पाहता जुना नियम किती शहाणपणाचा होता ते कळतं.

आणि धिंड. हात जोडायला लावून, घोषणा वदवून घेऊन केलेले आरोपींचे व्हिडिओ २०२५ च्या ऑक्टोबरात नाशकात हौसेने पाहिले गेले. टाळ्या वाजवणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावं: चेहरा मोबाइलवर फिरला की ओळख परेडचं मोल संपतं. साक्षीदाराने आरोपीला घटनास्थळी पाहिलं की रीलमध्ये, हा उलटतपासणीतला पहिला प्रश्न असतो, आणि त्यावर खरा गुन्हेगारही सुटतो.

तडीपारीत परिस्थिती थोडी सुधारली आहे. दोन वर्षांची कमाल मुदत छापील मजकुरासारखी टाकली जाई. इतकी मुदत का, याचा विचार आदेशात दिसलाच पाहिजे, असं २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितलं. अपील राज्य शासनाकडे, मुदत ३० दिवस.

चुकीच्या खटल्यात वर्षं गेलेल्या माणसाला भरपाई देणारा कायदा मात्र आजही नाही. विधी आयोगाने २०१८ च्या २७७ व्या अहवालात तो सुचवला होता. तोवर उच्च न्यायालयात रिट याचिका एवढाच मार्ग. निर्दोष सुटलेल्याने आणखी एक काम लगेच करावं: निकालाची प्रमाणित प्रत काढून तपास झालेल्या ठाण्यात आणि आयुक्त किंवा अधीक्षक कार्यालयात अर्जासोबत द्यावी, आणि नोंद अद्ययावत झाल्याचं लेखी मागावं. नाहीतर पासपोर्टला किंवा एमआयडीसीतल्या नोकरीसाठी चारित्र्य पडताळणीला गेल्यावर संगणकात तोच गुन्हा ‘न्यायप्रविष्ट’ म्हणून निघतो.